वैशाखातील मरळ: जिवंत आमिष की रबरी बेडूक?

चैत्र सरता सरता भंडारा-गोंदियाकडच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांवर मरळ माशासाठी निघणाऱ्या माणसापुढे एक निवड असते: बांबूच्या काठीला जिवंत छोटा मासा लावून एका जागी बसायचे, की रॉड आणि रीळ घेऊन पाणवनस्पतींवरून रबरी बेडूक ओढत काठाकाठाने फिरायचे. मी दोन्ही प्रकार अनेक उन्हाळे वापरले आहेत आणि दोन्हींनी मला मासे दिले आहेत. कोणता प्रकार सरस, याचे उत्तर तलावागणिक आणि माणसागणिक बदलू शकते, हे मला मान्य आहे; तरीही गाळाने उथळ झालेल्या आणि कमळ, शिंगाडा, देवधान (रानटी भात) यांनी भरलेल्या तलावांपुरते माझे मत आता बरेचसे एका बाजूला स्थिरावले आहे.

आधी तलावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. कोहळी समाजातील जाणकारांनी ते धानाच्या ओलितासाठी बांधले आणि 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे महसूल वसुलीची जमीनदारी पद्धत, संपल्यावर ते सरकारकडे आले. पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, खोल आणि वरच्या अंगाला अगदी उथळ, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. उन्हाळी धानाला पाणी सुटू लागले आणि वरून ऊन तापू लागले की वरचे अंग आधी उघडे पडते. दिवाळीच्या सुमारास जो मासा साऱ्या तलावभर पसरलेला असतो, तो वैशाखात पाळीजवळच्या पाण्यात आणि मधल्या काही झाडोऱ्यांत गोळा होतो. मासे एकत्र आले म्हणजे ते धरणे सोपे झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. पाणी कमी असल्यामुळे काठावरचे पाऊल, काठीची सावली, वनस्पतीची हालचाल हे सारे माशाला लगेच कळते. त्यातच काठाने बेशरमची झुडपे माजलेली असतात आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा मोजक्याच उरतात. चांगल्या जागा थोड्या आणि प्रत्येक जागी संधी बहुधा एकच, अशी त्या दिवसांतील स्थिती असते. पुढचे सारे विवेचन याच गोष्टीभोवती फिरते.

मरळ या दिवसांत सापडते, त्याचे कारण तिच्या श्वसनात आहे. तापलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात रोहू आणि कटला मंदावतात, परंतु मरळ थेट हवेतून श्वास घेते आणि त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागते. पहाटेच्या स्थिर पाण्यावर उमटलेले गोल वलय, त्यामागून निघालेले दोन-चार बुडबुडे आणि हललेले एखादे पान, एवढ्यावरून तिची जागा कळते. ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या दिवसांत उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंत आणि पुन्हा सायंकाळी पाचनंतर, एवढाच काळ उपयोगाचा असतो. मधल्या वेळेत पाण्यावर थांबण्यात माशाचाही लाभ नाही आणि माणसाचाही नाही.

जिवंत आमिषाची बाजू दुबळी आहे, असे कोणी समजू नये. तलावाकाठच्या ढिवर (मासेमार) मंडळींकडून मी जे शिकलो, ते याच पद्धतीने शिकलो. बारा-पंधरा फुटांचा हिरवा बांबू, जाड तंगूस (नायलॉनचा दोर), ज्वारीच्या धांड्याचे तरंड (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि पाठीवरच्या पराखालून हलकेच ओवलेला बोटभर मासा, एवढी सामग्री पुरते. मरळ उपाशी असो वा नसो, समोर धडपडणारा जीव सोडून देणे तिला जड जाते. पाणी गढूळ असेल, आभाळ भरून आले असेल किंवा मासा पाळीजवळच्या खोल पाण्यात दबून असेल, तर वरवर फिरणारा रबरी बेडूक तिला दिसतच नाही. जिवंत मासा मात्र त्याच्या हालचालीने तिला शोधत आणतो. शिवाय घेतलेले आमिष ती सहसा थुंकत नाही, त्यामुळे गळ लागण्याची खात्री अधिक असते. माझ्या अनुभवात, हल्ला झाल्यानंतर मासा प्रत्यक्ष हाती येण्याच्या बाबतीत जिवंत आमिष स्पष्टपणे पुढे आहे.

काही जण माशाऐवजी जिवंत बेडूक लावतात. ते मी करत नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. धानाच्या बांधीत किडी खाणारा हा जीव किती मोलाचा आहे, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली. येथे जिवंत आमिष म्हणजे छोटा मासा किंवा झिंगा, असेच समजावे.

जिवंत मासा बादलीत टिकवणे हा त्रास आहेच. वैशाखात बादलीतील पाणी तासाभरात कोमट होते, मासे पोट वर करू लागतात आणि दर थोड्या वेळाने पाणी बदलत राहावे लागते. ओले पोते गुंडाळून आणि बादली सावलीत ठेवून हे बऱ्यापैकी सांभाळता येते, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही. कासव आणि दिवड (पाणसाप) हेही त्याच आमिषावर हक्क सांगतात; तेही सोसता येते.

ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरवला, ती वेगळी आहे. गळाला लावलेला मासा स्वतःचा जीव वाचवू पाहतो, आणि वाचण्यासाठी तो जातो थेट वनस्पतीत. मोकळ्या पाण्यात टाकलेले आमिष थोड्याच वेळात कमळाच्या देठाला एक वेढा घालते, दुसऱ्या देठाखालून निघते आणि हायड्रिलाच्या गुंत्यात जाऊन बसते. काठावरून पाहणाऱ्याला तरंड किंचित तिरपे झालेले दिसते, एवढेच. ते आमिषाने ओढले, देठाने अडवले की मरळीने चाखले, हे कळायला मार्ग नसतो. कळेपर्यंत वाट पाहिली, तर बहुतेक वेळा निर्जीव झालेला मासा वेलीत अडकून पडलेला असतो. आणि खरोखरच मरळीने आमिष घेतले असेल, तर काठी आणि मासा यांच्यामध्ये दोन-तीन देठांचे वळसे असल्यामुळे दिलेला झटका माशापर्यंत पोहोचत नाही. तो देठातच जिरतो.

तरीही हे सारे मी कदाचित चालवून घेतले असते. खरी अडचण सुरू होते ती अडकलेला दोर सोडवताना. ओढावे तर कमळाचा सारा पुंजका हलतो, न ओढावे तर गळ तिथेच राहतो, आत शिरावे तर गुडघाभर चिखल ढवळला जातो. कोणताही उपाय केला तरी त्या झाडोऱ्यातील मरळ निघून जाते, किंवा निघून गेली नाही तरी खालच्या गाळाशी दबून राहते आणि श्वास घेण्यापुरती इतकी हळू वर येते की पाण्यावर रेघसुद्धा उमटत नाही. कार्तिकात हे घडले, तर माणूस दहा पावले पुढे जाऊन दुसरी जागा धरतो. वैशाखात पुढची चांगली जागा तलावाच्या दुसऱ्या टोकाला असते आणि तिथे पोहोचेपर्यंत ऊन वर आलेले असते. म्हणजे एका अडकलेल्या दोराने एक मासा जात नाही. ती सकाळच जाते. या तलावांवर जिवंत आमिषाने बसलेल्या माझ्या ज्या सकाळी रिकाम्या गेल्या, त्यांपैकी बहुतेकींचे कारण मासा नव्हता असे नसून, मी त्याच्या घरात गोंधळ घातला होता असेच होते.

पोकळ रबरी बेडकाची रचना नेमकी येथे कामाला येते. त्याचे दोन्ही गळ वरच्या बाजूला वळलेले आणि मऊ अंगाला चिकटून असतात, त्यामुळे तो कमळाच्या पानावर टाका, शिंगाड्याच्या वेलीवरून ओढा, देवधानाच्या काड्यांमधून आणा, सहसा अडकत नाही. मरळीने तोंडात दाबल्यावर अंग चेपते आणि तेव्हाच गळ उघडे पडतात. तो पानावर क्षणभर थांबवावा, मग कडेवरून पाण्यात सरकवावा आणि तेथे पुन्हा थांबवावा. हल्ला बहुधा त्या दुसऱ्या थांब्याला होतो. एका झाडोऱ्यावरून तो पाच-सहा वेगवेगळ्या रेषांनी फिरवून आणला तरी पाणी जवळजवळ शांत राहते, आणि मासा तेथे नसेल किंवा असून घेत नसेल, तर जागा न बिघडवता पुढे जाता येते. सायंकाळी त्याच जागी परत येण्याचा मार्ग खुला राहतो. ज्या दिवसांत जागाच मोजक्या, त्या दिवसांत ही सोय मला इतर सर्व गुणांपेक्षा मोठी वाटते.

आता त्याचे दोष. हल्ले पुष्कळ होतात आणि त्यांतील बरेच वाया जातात. मरळ पानाखालून अंदाजाने झेप घेते, बेडूक उडून बाजूला पडतो आणि नवख्या माणसाच्या हातून त्याच क्षणी झटका दिला जातो. आवाजावर झटका देऊ नये. दोर जड लागेपर्यंत थांबावे, रॉडचे टोक माशाकडे झुकवावे आणि मग पूर्ण ताकदीने वर घ्यावे, कारण मरळीचा जबडा हाडाचा असतो आणि अर्धवट ओढीने गळ त्यात रुतत नाही. हा एक श्वासाचा धीर अंगी यायला, माझ्या पाहण्यात, एखादा हंगाम लागतो. हवेत वारा असेल आणि पाण्यावर लहर असेल तर रबरी बेडूक फारसा चालत नाही, हेही नमूद केले पाहिजे. दात लागून अंगाला भोक पडले की आत पाणी शिरते आणि तो बुडू लागतो; दर दोन-तीन फेकींनंतर दाबून पाणी काढावे लागते. नव्या बेडकाचे गळ अंगाला फारच घट्ट बसलेले असतील, तर पकडीने किंचित बाहेर वळवून घेतल्यास बराच फरक पडतो.

दोर मात्र विणलेलाच घ्यावा, चाळीस पौंडांच्या आसपासचा. साधा तंगूस ताणला जातो आणि लांबवर दिलेला झटका त्या ताणातच संपतो. विणलेला दोर ताणत नाही आणि मासा देठांत शिरला तर देठ कापत येतो. रॉड साडेसहा-सात फुटांचा आणि ताठ असावा. एक विनंती येथे करावीशी वाटते: तुटलेला दोर तलावात किंवा काठावर टाकू नये. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या याच तलावांवर आणि बांध्यांत उरला आहे, आणि न कुजणारा दोर त्याच्या पायात अडकला तर सुटत नाही.

खर्चाची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. बांबूची काठी जवळपास फुकट पडते, तर रॉड, रीळ आणि दोर मिळून काही हजार लागतात. ज्याला उन्हाळ्यातून दोन-तीनदाच तलावावर जायचे आहे, त्याने तो खर्च करावा असे मी म्हणणार नाही.

एक मुद्दा मात्र मला खर्चापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जिवंत आमिष मरळ खोलवर गिळते आणि गळ घशात जातो. हातभरही न झालेली मरळ हाती आली तरी ती जिवंत परत सोडता येत नाही. रबरी बेडकाचा गळ बहुधा जबड्याच्या कडेला लागतो. मासा ओल्या हाताने धरून, गळ काढून, लगेच पाण्यात सोडला तर तो जोमाने निघून जातो. आटत चाललेल्या तलावात पुढच्या पावसाळ्यासाठी जेवढ्या मरळी टिकतील तेवढ्या हव्याच आहेत, म्हणून हा फरक मी केवळ सोयीचा मानत नाही.

मग जिवंत आमिष कोणी निवडावे? ज्याचा तलाव मोकळ्या पाण्याचा आहे, ज्याला पाळीवर सावलीला बसून खोल पाण्यात गळ सोडायचा आहे, ज्याच्यासोबत लहान मुले किंवा वयस्क मंडळी आहेत, किंवा ज्याला सतत फेकून हात दुखवून घ्यायचा नाही, त्याने निःशंकपणे काठी आणि छोटा मासा घ्यावा. असोलामेंढ्यासारख्या मोठ्या, खोल जलाशयांचा विचार केला तर माझाही कल कदाचित तिकडेच जाईल. गाळाने भरलेल्या, वनस्पतींनी झाकलेल्या गावतलावासाठी मात्र मी रबरी बेडूकच बरोबर नेतो आणि विचारणाऱ्याला तोच सुचवतो. पहिला बेडूक गडद रंगाचा घ्यावा. पहाटेच्या उजेडात खालून पाहणाऱ्या माशाला काळी आकृती अधिक ठळक दिसत असावी, असा माझा अनुभव आहे.

साधन कोणतेही असो, तलावातील मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात, तेव्हा तिच्या पदाधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. अभयारण्यातील तलावांचा तर प्रश्नच येत नाही. मृगाचा पाऊस पडून तलावात नवे पाणी आले की मरळीची वीण सुरू होते. पाण्यावर लालसर पिलांचा दाट थवा फिरताना दिसला, तर त्याखाली राखण करणारी जोडी असतेच आणि पिलांच्या रक्षणासाठी ती कोणत्याही वस्तूवर झेपावते. ती या दिवसांत सर्वांत सहज मिळते, म्हणूनच त्या थव्यावर जिवंत मासा किंवा रबरी बेडूक यांपैकी काहीही टाकू नये. पुन्हा पाणी ओसरेपर्यंत रॉड आणि काठी दोन्ही घरी ठेवावीत.