परसातली वीज: डोक्यावरून की जमिनीखालून?

घरापासून परसातल्या पंपाच्या खोलीपर्यंत वीज न्यायची, तर सगळे आधी वायर डोक्यावरून नेतात. जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, ताणायची, तिला वायर बांधायची. स्वस्त, दुपारभरात काम. पण कोकणातल्या पावसात एखादी झावळी पडली, की तीच वायर चिखलात. उन्हाने आवरणही तडकते. आणि माडाला तर बांधूच नका, तो वाऱ्यावर डोलतो नि वायर घासत राहते.

आर्मर्ड केबल, म्हणजे पोलादी कवच असलेली केबल, पुरणे महाग, तरी मी तेच करीन. चर साधारण 75 सेंटीमीटर खोल, केबलच्या खाली-वर वाळू, त्यावर विटा. पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागते. पोलादी कवचाला ग्लँडपाशी, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या घट्ट जोडापाशी, अर्थिंग हवेच, हे विसरणारे वायरमन मी पाहिलेत.

दोन्हींत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, घरातल्या बोर्डावरच लावा. माणसाला शॉक लागला तर एमसीबी सहसा पडत नाही. ती ओव्हरलोड नि शॉर्टसर्किटसाठी असते. चर बुजवण्याआधी केबलचे भिंतीपासूनचे अंतर टेपने मोजून फोटो काढून ठेवा.