ट्रेस३२ आणि कॅनएप एकाच पोर्टवर, काही महिने वापरल्यावर

ईव्हीच्या मोटर कंट्रोलरवर काम करते, मायक्रोकंट्रोलर इन्फिनिऑनचा ऑरिक्स. आधी डीबगिंग आणि मेजरमेंट असे दोन वेगळे संसार होते. डीबग करायचं (कोड थांबवून चूक शोधायची) तर लाउटरबाखचा प्रोब लावा, डेटा घ्यायचा तर तो काढून व्हीएक्स१००० (व्हेक्टरचं मेजरमेंट हार्डवेअर) लावा, कारण चिपचा डॅप (डीबग पोर्ट) कनेक्टर एकच आणि दोघांनाही तोच हवा. बग दिसला म्हणून प्रोब बदलायला जावं तर रीसेट होऊन बग गायब, परत पहिल्यापासून सुरुवात. आता व्हीएक्स१००० कायम लावलेला असतो, ट्रेस३२ (लाउटरबाखचं डीबगर सॉफ्टवेअर) एक्ससीपीवरून (मेजरमेंट-कॅलिब्रेशनच्या प्रोटोकॉलवरून) त्याच्यातूनच डीबग करतं आणि शेजारी कॅनएपमधे (व्हेक्टरच्या मेजरमेंट सॉफ्टवेअरमधे) ग्राफ चालूच.

याचा खरा फायदा कुठे झाला ते सांगते. टॉर्क रिक्वेस्टला मधेच बारीकसा झटका यायचा. १० मिलिसेकंदाच्या रास्टरवर (सॅम्पल घेण्याच्या अंतरावर) काही म्हणजे काही दिसेना. १ मिलिसेकंदावर घेतलं तर एका सॅम्पलपुरता व्हॅलिड फ्लॅग (व्हॅल्यू वापरायला योग्य असल्याची खूण) १ झालेला, पण टॉर्कची व्हॅल्यू जुनीच! लगेच त्या फ्लॅगवर राइट ब्रेकपॉइंट (फ्लॅग लिहिला जाताच कोड थांबवणारा) टाकला, कोअर थांबला आणि समोरच दिसलं की १० मिलिसेकंदाचा टास्क फ्लॅग आधी लिहितो नि व्हॅल्यू पुढच्या ओळीत, त्या दोन ओळींच्या मधे १ मिलिसेकंदाचा टास्क घुसला की तो जुनीच व्हॅल्यू खरी धरून पुढे जातो. नुसत्या डीबगरने हे सापडायला फार वेळ गेला असता, मुळात थांबायचं कुठे हेच ग्राफने सांगितलं.

आता काळजी कशाची घ्यायची. कोअर थांबला की मेजरमेंटही थांबतं, ग्राफमधे तेवढा खड्डा पडतो. पॉवर सप्लाय चिपमधला बाहेरचा वॉचडॉग (कोड अडकला की रीसेट करणारा) डीबग मोडमधे नसेल तर तो रीसेट मारणारच. बाकीचे ईसीयू (गाडीतले कंट्रोलर) यू०११० (मोटर कंट्रोलरशी संपर्क तुटला) सारखे कोड टाकून मोकळे होतात, ते बग समजू नका. आणि हाय व्होल्टेज चालू असताना ब्रेकपॉइंटचं नावही काढू नका, टायमरला सस्पेंड (कोअरबरोबर थांबायची सेटिंग) लावलेला नसेल तर पीडब्ल्यूएम (मोटरला चालवणारे पल्स) शेवटच्या ड्युटीवर चालूच राहतं, करंट सांभाळायला कोड मात्र जागेवर नसतो. रस्त्यावर फक्त मेजरमेंट, ब्रेकपॉइंट बेंचवर. ए२एल (मेजरमेंटची वर्णन फाइल) आणि ईएलएफ (डीबगरची प्रोग्रॅम फाइल) एकाच बिल्डच्या हव्यात, ईपीके चेक (फाइल आणि चिपमधला कोड जुळतो का ते पाहणारा) चालूच ठेवा.

सेटअप महागडा आहे हे खरंय. साध्या बॉडी कंट्रोलरला एवढं लागत नाही, तिथे कॅनवरचं (गाडीतल्या नेटवर्कवरचं) एक्ससीपी पुरतं. क्लासिक कॅनच्या फ्रेममधे ८ बाइट, त्यातला एक पीआयडीला (पॅकेटच्या ओळख-नंबरला) गेला तरी ७ उरतात, १० मिलिसेकंदाच्या मोजक्या सिग्नल्सना भरपूर झाले.