छापील कर्ज-करारनाम्याचा संच: कागद चांगला, व्याख्या घातक

छोट्या पतसंस्था आजही स्टेशनरीच्या दुकानातून कर्जाचा तयार संच आणतात. अर्ज, वचनचिठ्ठी, करारनामा, जामीनपत्र, सगळं एका फाइलीत. रकाने ऐसपैस आहेत, वचनचिठ्ठीवर रेव्हेन्यू स्टॅम्पची चौकट आहे, रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिता येते. इथवर तक्रार नाही. घोळ आहे तो करारनाम्याच्या व्याख्यांत.

‘कर्जदार या संज्ञेत त्याचे वारस तसेच जामीनदार यांचा समावेश होतो.’ हे वाक्य वसुलीच्या सोयीचं वाटतं, पण जामीनदाराला बांधायला त्याची गरजच नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं त्याला सहसा म्हणता येत नाही. या वाक्याने त्याची उरलीसुरली ढालही जाते. व्याजदर त्याला न विचारता बदलला तर कलम 133 आणि परस्पर मुदतवाढ दिली तर कलम 135 जामीनदाराला सोडवतं. पण इथे ‘कर्जदाराची संमती’ म्हणजे त्याचीही संमती, कर्जदाराला दिलेली नोटीस म्हणजे त्यालाही पोचली, असा अर्थ काढायला वाव राहतो. वारसांचंही तसंच: त्यांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, ते सरसकट ‘कर्जदार’ होत नाहीत. हे वाक्य खोडा, बाजूला सगळ्यांच्या सह्या घ्या.

सहीच्या जागी ‘सहकर्जदार / जामीनदार’ असा एकच रकाना आहे. तिरपी रेघ तशीच ठेवून सही घेतली की माणूस नेमका कोण, यावर वाद ठरलेला. सहकर्जदार कर्ज स्वतः घेतो, जामीनदार दुसऱ्याच्या कर्जाची हमी देतो. नको तो शब्द सहीआधीच खोडा.

नावांच्या रकान्यात ‘मे. अमुक ट्रेडर्स’ एवढंच लिहिण्याची सवय सर्रास दिसते. एकमालकी धंद्याला मालकाहून वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं, म्हणून मालकाचं पूर्ण नाव आणि पुढे ‘प्रोप्रायटर’ हवं. भागीदारीत फर्मसोबत प्रत्येक भागीदाराचं नाव घाला.

जामीनपत्रात हमीची कमाल रक्कम लिहायला जागाच नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. ‘रु. ___ पर्यंत, अधिक व्याज व खर्च’ अशी ओळ हाताने घाला, अक्षरी रकमेसह. जामीनदाराची प्रतही संचात नाही. झेरॉक्स काढून द्या आणि पोच घ्या.

ठरावीक हप्त्यांच्या मुदत कर्जाला एवढ्या दुरुस्त्या करून संच चालेल. कॅश क्रेडिटला, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवं तेव्हा उचलायच्या आणि भरायच्या कर्जाला, मात्र घेऊ नका. तिथली हमी चालू स्वरूपाची, म्हणजे एकामागून एक उचलींना लागू होणारी असते, कलम 130 नुसार जामीनदार ती पुढच्या उचलींपुरती नोटीस देऊन मागे घेऊ शकतो, आणि या छापील जामीनपत्रात त्याबद्दल अवाक्षरही नाही.