मॉरिस दनी संग्रहालय, सँ-जर्मेन-आँ-ले: पॅरिसचं ऑर्से संग्रहालय बघून झालं की इथे जाच

पॅरिसला जाणार असाल आणि चित्रकलेची आवड असेल, तर फ्रेंच चित्रकार मॉरिस दनीच्या या संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. आरईआर ए या रेल्वेच्या एका फाट्याचं सँ-जर्मेन-आँ-ले हे शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की समोरच राजवाडा, आणि तिथून गावातल्या रस्त्यांनी चालत जाता येतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्र शिकवताना "आधी जागा वाटून घ्या, मग रंगांकडे वळा" हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगावं लागतं. मॉरिस दनीने 1890 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पिएर लुई या टोपणनावाने लिहिलेल्या लेखात मांडलं होतं की चित्र हे लढाईचा घोडा, नग्न स्त्री किंवा एखादा प्रसंग असण्याच्या आधी ठरावीक क्रमाने रंग मांडलेला एक सपाट पृष्ठभाग असतं. आधुनिक कलेच्या इतिहासात हे वाक्य हटकून येतं. इथे, त्याच्याच घरात, ते चित्रांवर पडताळून बघता येतं.

त्यासाठी 'पानांतली शिडी' (1892) या चित्रासमोर वेळ काढा. चित्रकार आंरी लरोल यांच्या घराच्या छतासाठी ते काढलेलं. शिडीवर चार तरुणी आणि भोवती पानंच पानं. चेहऱ्यांत मार्त दिसते. पुढच्याच वर्षी तिचं आणि दनीचं लग्न झालं. जवळ जाऊन वस्त्रांच्या कडा बघा. छायाप्रकाशापेक्षा सारा भर वळणावळणाच्या रेषेवर आहे, आणि नजर त्या रेषेला धरूनच वर चढत जाते. संकल्पचित्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

वास्तू मूळची सतराव्या शतकातली. चौदाव्या लुईची प्रिया मादाम द मोंतेस्पां हिने गरिबांसाठी बांधवून घेतलेलं हे रुग्णालय. दनीने ते 1914 मध्ये विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'प्रियरे'. मोठ्या कुटुंबाला घरही झालं आणि कामाला जागाही. बागेतला स्टुडिओ त्याआधीच ऑग्युस्त पेरे या वास्तुविशारदाने बांधला होता, पॅरिसच्या शाँझ-एलिझे नाट्यगृहाच्या छतावरची प्रचंड चित्रं करता यावीत म्हणून.

माझ्या मते इथली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे प्रार्थनागृह. 1915 मध्ये त्याने ते सजवायला घेतलं. 1919 मध्ये मार्त गेली, तरी काम चालूच राहिलं. भित्तिचित्रं आणि रंगीत काचा एकाच हाताने आखलेल्या आहेत, त्यामुळे भिंत आणि खिडकी एकमेकींशी भांडत नाहीत. घाई करून बाहेर पडू नका.

उत्तरार्धातली काही धार्मिक चित्रं मला फार गोड वाटली. तरुणपणीची धार त्यांत उरलेली नाही. पण श्रद्धा खरी होती. 1919 मध्ये चित्रकार जॉर्ज देव्हालिएरबरोबर त्याने धार्मिक कलेच्या कार्यशाळा काढल्या आणि 1939 मध्ये धार्मिक कलेचा इतिहासही लिहिला. चित्रकार आणि कलेचा अभ्यासक या दोन्ही नात्यांनी तो एकच प्रश्न आयुष्यभर सोडवत होता, हे या घरात फिरताना नीट उमगतं.

ऑर्से आधी बघा असं म्हणते त्याचं कारण दनीचं 'सेझानला मानवंदना' (1900) हे चित्र तिथे आहे. चित्रविक्रेता व्होलारच्या दुकानात चित्रकार सेझानच्या एका स्थिरचित्राभोवती रदों, व्ह्युइयार, सेरुझिए, बोनार ही सगळी चित्रकार मंडळी उभी आहेत, आणि उजव्या कडेला मार्त. दनीचे सोबती कोण, गुरुस्थानी कोण, हे त्यातून कळतं. मग इथल्या दालनांत ती नावं परकी वाटत नाहीत.

बागेत बुर्देलची शिल्पं आहेत, तीही चुकवू नका. उघडण्याच्या वेळा मात्र निघण्यापूर्वी बघून घ्या, आणि वही-पेन्सिल जवळ असू द्या.