डी.एड. की बी.एड.: नियम बदलल्यावर मी काय निवडलं

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची यंदा बारावी झाली. तिच्या आईने मला हाक मारून विचारलं, "हिला डी.एड.ला घालू, का बी.ए. करून बी.एड. करू दे?" हाच प्रश्न माझ्या बारावीनंतर आमच्या घरात होता. तेव्हा साताऱ्यात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, डी.एड. संपलं. त्यांचंही चुकत नव्हतं. २०१० च्या सीईटीनंतर शिक्षक भरती जवळपास थांबली होती, अध्यापक विद्यालयं एकामागून एक बंद पडत होती. म्हणून मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. आता त्याच बी.एड.नंतर डी.एल.एड.च्या, म्हणजे डी.एड.च्याच नव्या नावाच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. दोन्हीची फी भरलेला माणूस म्हणून हे लिहितोय.

मी बी.एड.मधून बाहेर पडलो त्याच सुमारास, २८ जून २०१८ ला, शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या एनसीटीईने पहिली ते पाचवीसाठीही बी.एड. चालेल असं जाहीर केलं. अट एवढीच, की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. आम्हाला वाटलं, बरं झालं, एका पदवीत पहिली ते दहावी सगळं आलं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. पुढे ८ एप्रिल २०२४ ला कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी नियमित नेमणूक झालेल्यांना संरक्षण दिलं, पण रांगेत उभ्या असलेल्यांना नाही. मी रांगेत होतो. २०२३ ची टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, दिलेली, गुणही बरे होते.

खरा फटका फेब्रुवारी २०२४ मध्ये कळला. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायला मी आणि माझा एक मित्र पोवई नाक्याजवळच्या नेट कॅफेत गेलो. तो डी.एड.वाला, टेटला माझ्यापेक्षा कमी गुण. त्याला लागू पडणाऱ्या जागांची यादी जनरेट झाली आणि माउसचं चाक फिरवत राहावं लागलं: कोकणातल्या जिल्हा परिषदा, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, मग महापालिका, नगरपालिका. नंतर माझं लॉगिन केलं. यादी एका स्क्रीनमध्ये संपली. मला वाटलं पान नीट लोड झालं नाही, म्हणून दोनदा रिफ्रेश केलं. तेवढीच होती.

मला बी.एड.बद्दल जे खुपतं ते हेच, आणि डी.एल.एड. करायचा माझा निर्णय इथेच झाला. बी.एड.च्या जागेला विषय चिकटलेला असतो. जागा असली तरी ती इतिहासाची हवी, माध्यम मराठी हवं, आणि बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाप्रमाणे जागा वाटलेल्या तक्त्यात, ती तुमच्या प्रवर्गाच्या वाट्याला आलेली हवी. तिन्ही जुळलं तर ती यादीत दिसते, नाहीतर टेटला कितीही गुण असू देत, उपयोग शून्य. पहिली ते पाचवीच्या जागेला विषयच नसतो. माध्यम आणि प्रवर्ग जुळला की झालं. एवढी एक चाळणी कमी असल्याने किती फरक पडतो, ते मी त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या स्क्रीनवर पाहिलं. तो मित्र आज कोकणात शिक्षण सेवक आहे, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेला शिक्षक.

न्यायालयाचा निकाल तेव्हा कडू लागला होता. डी.एल.एड.च्या आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, पहिलीच्या वर्गावर गेल्यावर पटला. एक मुलगी रोज ३ चा ६ काढायची, आरशात पाहिल्यासारखा. बी.एड.मध्ये मी नववीला पानिपत शिकवण्याचे पाठ घेतले होते, पण या पोरीला काय सांगावं ते मला सुचेना. वर्गाच्या बाईंनी तिचं बोट धरून परातीतल्या रांगोळीत तीन आठवडे आकडे गिरवून घेतले. ते काम वेगळं आहे, त्याचं शिक्षणही वेगळंच लागतं.

म्हणून बी.एड. वाईट असं माझं म्हणणं नाही. गणित, विज्ञान किंवा इंग्रजी असेल तर माझा अनुभव कदाचित तुम्हाला लागूही पडणार नाही. त्या विषयांचे माझ्या बॅचचे बरेच जण मार्गी लागले. ज्याला हायस्कूलच हवं आहे, त्याला दुसरा रस्ता नाही, आणि रयत शिक्षण संस्थेच्या जिल्ह्यात वाढलेल्या पोरांना हायस्कूलची ओढ असणारच. नववी-दहावीसाठी टेट लागते, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागत नाही, हाही एक डोक्याचा ताप कमी. सेवक काळातलं मानधन माध्यमिकला १८ हजार, प्राथमिकला १६ हजार. या दोन हजारांसाठी कुणी निर्णय फिरवू नये असं मला वाटतं.

टीईटीचं मात्र मनावर घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं भाग पाडलं. आमच्या शेजारचे गुरुजी नातवाला झोपवून रात्री अकरापर्यंत बालमानसशास्त्र वाचत बसतात. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या हातात ते गाइड बघून जीव हळहळतो. तुमचं वय आत्ता अभ्यासाचं आहे. पास झालात की प्रमाणपत्राला आता मुदत नाही, ते आजन्म चालतं.

बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.बद्दलही (पदवी आणि बी.एड. एकत्र) विचारतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत तीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. घरापासून जवळ, मान्यता असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळत असेल तर नक्की विचार करा.

त्या मुलीच्या आईला मी आधी विचारलं, हिला लहान पोरांत रमायला आवडतं का? "गल्लीतली सगळी हिच्याच मागं असतात," त्या म्हणाल्या. मुलगी कला शाखेची. मग मी माझं मत सांगितलं: आधी डी.एल.एड., मग मुक्त विद्यापीठातून पदवी. पदवी झाली की टीईटीचा दुसरा पेपर देऊन सहावी ते आठवीचा दरवाजाही उघडतो. मी उलट्या क्रमाने गेलो, त्यात वर्षं गेली. सोमवारी त्या दोघी नॉन-क्रिमीलेअरसाठी सेतू केंद्रात जाणार आहेत. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा घ्या म्हणून सांगितलंय.