सदोष मॉड्यूल: आहे त्याच नावाने दुरुस्त करावे की शेजारी नवे द्यावे?

डेटा वाचणाऱ्या किंवा साठवणाऱ्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागात) दोष सापडला, की दोन मार्ग दिसतात: त्याच नावाखाली दुरुस्ती करणे, किंवा जुन्याला हात न लावता दुरुस्त मॉड्यूल नव्या नावाने देणे.

दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचे आहे. अक्षरे बाइटांत साठवण्याची यूटीएफ-८ ही मूळ पद्धत एका अक्षराला चार बाइटांपर्यंत देते, पण तिथला ‘यूटीएफ८’ जास्तीत जास्त तीनच देतो. देवनागरी अक्षरे तेवढ्यात बसतात, त्यामुळे मराठी मजकूर साठवताना हा दोष सहसा जाणवत नाही. बहुतेक इमोजींना मात्र चार बाइट लागतात, आणि २०१४ मध्ये युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या सर्व लिप्यांच्या जागतिक यादीत) आलेल्या मोडी लिपीलाही. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत तशा मोडी कागदांचे लिप्यंतर न करता मूळ अक्षरे साठवायची म्हटली, तर ‘यूटीएफ८’मध्ये एकही मोडी अक्षर मावणार नाही. तरीही त्या नावाचा अर्थ न बदलता २०१० मध्ये, ५.५.३ या आवृत्तीत, ‘यूटीएफ८एमबी४’ वेगळा दिला गेला. त्या वेळी इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या भागात) इंडेक्ससाठी, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीसाठी, एका कॉलमला ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ अक्षरांचा कॉलम तीनच्या हिशेबाने ७६५ बाइटांत बसे, चारच्या हिशेबाने १०२० होई. जुन्या नावाचा अर्थ परस्पर बदलला असता, तर असे कितीतरी इंडेक्स अडले असते. याची किंमतही आहे: फसवे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते आणि नवखा प्रोग्रामर तेच निवडतो.

त्याच नावाने केलेली दुरुस्ती सोपी वाटते, पण तिचा फटका मी जवळून पाहिला आहे. भोसरीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही लिहिलेला सीएसव्ही रीडर (स्वल्पविरामांनी विभागलेल्या माहितीच्या फायली वाचणारे मॉड्यूल) वस्तूच्या कोडमधली सुरुवातीची शून्ये गाळत असे, म्हणून स्टोअरकीपर ००४१२ ऐवजी ‘क००४१२’ लिहू लागले होते. आम्ही न विचारता दोष काढला. नव्या माणसाने शून्यांसह साधा कोड भरला, आणि एकच बेअरिंग स्टॉकमध्ये दोन वस्तू म्हणून दिसू लागले. दोष आमचा होता, पण त्याभोवती त्यांनी आपली पद्धत बसवली होती, हे आम्ही पाहायला हवे होते.

म्हणून माझे मत असे, की मॉड्यूलचे उत्तर कुठेतरी साठवले जात असेल, तर नवे नावच द्यावे. उत्तर केवळ पडद्यावर दाखवले जात असेल, किंवा दोषामुळे बाहेरच्या माणसाला डेटाबेसमध्ये शिरता येत असेल, तर त्याच नावाने आणि लगेच दुरुस्ती करावी. सुरक्षेच्या बाबतीत जुने वर्तन जपण्यात अर्थ नाही.

नवे नाव दिल्यावर निदान एक महिनाअखेर दोन्ही मॉड्यूल त्याच फायलींवर चालवून फरकांची यादी ग्राहकाला दाखवावी आणि जुन्याच्या प्रत्येक वापराची नोंद लॉगमध्ये ठेवावी. जुने काढून टाकण्याची तारीख मात्र ३१ मार्चच्या आसपास नको. त्या आठवड्यात हिशेबनीसाला नवा फरक तपासायला सवड नसते.