ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: चेक इंजिन लाइट घरच्या घरी तपासताना

जुलैमध्ये रात्रभर कोसळलेल्या पावसानंतरच्या एका सकाळी आमची गाडी मुलुंडच्या सोसायटीतून बाहेर पडून जेमतेम पहिल्या वळणापर्यंत गेली आणि धक्के खाऊ लागली. पिकअप पूर्ण गेला होता आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकत होता. हा दिवा स्थिर पेटलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर ती जपून घरापर्यंत आणता येते. तो लुकलुकत असेल, तर मात्र एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता पुढे जात असते आणि त्याच्या उष्णतेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसारखा (धुरातले घातक वायू कमी करणारा) महागडा भाग कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून इंजिन तिथेच बंद केले आणि वॉचमन व दोन शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी ढकलत परत आवारात आणली. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तेव्हा गाडी न पाहताच चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग), चारही प्लग आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई असा खर्च सांगण्यात आला. मेमध्ये लॅमिंग्टन रोडवरून साडेनऊशे रुपयांना आणलेला आणि तोवर खणात पडून असलेला, गाडीने नोंदवलेले दोष फोनवर दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरला.

काडेपेटीहून थोडे मोठे असे हे उपकरण गाडीच्या संगणकाशी संवाद साधणाऱ्या ‘ईएलएम ३२७’ या चिपच्या धर्तीवर बनवलेले आहे. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) ही गाडीतच बसवलेली तपासणी प्रणाली बंधनकारक झाली. आमची गाडी २०१६ची असल्यामुळे तिच्यात स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, सोळा पिनांचे सॉकेट आहेच. स्कॅनर त्यात बसवायचा, इंजिन चालू न करता चावी ‘ऑन’वर ठेवायची, फोनशी जोडणी करायची आणि ॲपमधून दोषांचे कोड वाचायचे. मी टॉर्क हे ॲप वापरले. जोडणीला पाच मिनिटेही लागली नाहीत.

पडद्यावर पी०३०२ हा कोड आला, तोही ‘पेंडिंग’, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या दोषांच्या वेगळ्या भागात. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय दिवा कायमचा पेटत नाही, त्यामुळे हा भाग न उघडणाऱ्याला सर्व काही ठीक असल्याचा भास होऊ शकतो. पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरशी न जुळणारा मिसफायर (पेट्रोल नीट न जळणे), तर शेवटचा आकडा १ ते ४ असेल तर त्या क्रमांकाच्या सिलिंडरमधला. माझ्या दृष्टीने कोडपेक्षाही मोलाची ठरली ती ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची स्थिती: कूलंटचे तापमान ४६ अंश, वेग ताशी १८ किलोमीटर. इंजिन अजून गरम झाले नव्हते आणि रात्रभर पाऊस होता, म्हणून ओल शिरलेल्या इग्निशन कॉइलचा संशय सर्वांत आधी आला.

पण कोड सिलिंडर दाखवतो, बिघडलेला भाग दाखवत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी काहीही कारण असू शकते. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे ते शोधण्याची एक सोपी रीत आहे. इंजिन थंड असताना दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या कॉइल काढून मी त्यांची अदलाबदल केली. प्रत्येकीला एक नट आणि एक कनेक्टर एवढेच होते. नोंद वहीत उतरवून घेतल्यावरच जुना कोड पुसला आणि आवारातच दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवले. या वेळी पी०३०४ आला. दोष कॉइलबरोबर चौथ्या सिलिंडरकडे गेला होता, म्हणजे गुन्हेगार कॉइलच होती. तो पी०३०२वरच राहिला असता, तर पुढची पाळी प्लगची आली असती. ऑपेरा हाउसच्या पार्ट्सच्या बाजारातून एकच नवी कॉइल आणून बसवली. त्यानंतर दोन महिन्यांत, भर पावसातही, दिवा पुन्हा लागलेला नाही.

या स्कॅनरच्या मर्यादा विकत घेणाऱ्याला आधी कळायला हव्यात. इंजिनाचे कोड तो व्यवस्थित वाचतो, पण एबीएस (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा एअरबॅगचा दिवा लागल्यास माझा स्कॅनर काहीच सांगत नाही. पी१ने सुरू होणारे कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि ॲपने दिलेला त्यांचा अर्थ आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही. साध्या ब्लूटूथचा स्कॅनर आयफोनशी जुळत नाही. त्यासाठी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई (कमी वीज लागणारा ब्लूटूथचा प्रकार) असलेलाच घ्यावा लागतो. सॉकेटला बॅटरीचा पुरवठा सतत चालू असतो, त्यामुळे अनेक दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत स्कॅनर लावून ठेवला तर बॅटरी उतरते. जोडणीचा पासवर्डही १२३४ इतका साधा असल्याने काम झाल्यावर स्कॅनर काढून ठेवणेच योग्य. माझ्याकडे दोनदा वाचन चालू असतानाच संपर्क तुटला आणि सारे पुन्हा जोडावे लागले. या किमतीत ते मी सहन केले.

कोड पुसण्याचे बटण मात्र मला फार सहज हाती दिलेले वाटते. ते दाबल्यावर दिवा जातो, पण फ्रीझ फ्रेमही जाते आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवण्याची काही गॅरेजची पद्धतही याच कारणाने नुकसानीची आहे, कारण पुढच्या मेकॅनिकला वाचायला काही उरत नाही.

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडी तपासली, तेव्हा पी०४२० आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाली, असा त्याचा अर्थ. नवा कन्व्हर्टर घ्या, असा नव्हे. एक्झॉस्टला गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचे वाचन देत असला, तरी हाच कोड येऊ शकतो. काकांना मी कोड कागदावर लिहून दिला आणि आधी या दोन गोष्टी तपासून घ्या, मगच मोठा खर्च करा, असे सांगितले. बुधवारी ते गाडी गॅरेजमध्ये नेणार आहेत.